त्या पाद्र्यांचं तुला काय पडलंय?

तुम्ही विचारलंत म्हणून एकदाचं लिहून टाकतो. यापुढे कोणी विचारलं की हेच पाठवीन.

विचारणारे बहुतेक आपलेच. युरोपच्या टूरमध्ये दोन दिवस माल्टा असतं, गावाकडून कोणीतरी माझा नंबर दिलेला असतो, आणि मी माझ्या सुट्टीच्या दिवशी त्यांना इथली राजधानी व्हॅलेटा फिरवतो. कॅथेड्रल झालं, बंदर झालं, दुपारी बाराची तोफ झाली, की मी सगळ्यांना सेंट जेम्सच्या बुरुजाखाली उभं करतो आणि इथल्या पाद्र्यांनी १७७५ मध्ये केलेल्या बंडाला सुरुवात करतो. पाचव्या मिनिटाला कोणीतरी आइस्क्रीम कुठे मिळेल ते बघायला लागतं. दहाव्या मिनिटाला प्रश्न येतोच. तू कुडाळचा, हॉटेलात स्वयंपाकी, तुला या पाद्र्यांचं काय? मामाने तर फोनवर सरळच विचारलं, "तुका त्या पाद्र्यांचा काय पडला हा रे?"

इतके दिवस मी गोवा पुढे करायचो. आईचं माहेर बारदेशातलं, कांदोळी तिथून जवळ. त्या कांदोळीत पिंटोंच्या घरी १७८७ मध्ये पोर्तुगिजांविरुद्ध कट शिजला, त्यात पुढे होते ते पाद्रीच. सत्तेचाळीस जणांना धरलं, त्यांत सतरा पाद्री. पंधरा जणांना पणजीत हालहाल करून मारलं, पाद्र्यांना लिस्बनला नेऊन चौकशीविना डांबलं. माल्टा आणि गोवा, मध्ये फक्त बारा वर्षं! हे ऐकून लोक मान डोलावतात. (माल्टावर बत्तीस वर्षं राज्य केलेला ग्रँडमास्टर, म्हणजे तिथल्या नाइटांचा प्रमुख, तोही पिंटोच, पण त्याचा आणि कांदोळीकरांचा काही संबंध नाही. दर खेपेला हे सांगावं लागतं.) उत्तर खोटं नव्हतं, पण माझं कारण ते नव्हतं.

बंड थोडक्यात सांगतो. बेटावर राज्य सेंट जॉनच्या नाइटांचं, म्हणजे लढवय्या ख्रिस्ती पंथाचं. सगळे परदेशी सरदार, माल्टाच्या माणसाला त्यांच्यात जागा नाही. ग्रँडमास्टर पिंटो मेला तेव्हा तिजोरीत खडखडाट. त्याच्यामागून आलेल्या हिमेनेसने धान्याचे भाव वाढवले आणि सशांच्या शिकारीवर बंदी घातली. ससा! आठवड्यातून दोनदा मी ज्याचा रस्सा करतो, लसूण, तमालपत्र आणि लाल वाइन घालून, तोच तो इथला फेनेक. गरिबाच्या ताटातली भाकरी महाग आणि मटण गुन्हा. त्यात बिशपशी भांडण. पाद्र्यांवर खटले कोणी चालवायचे, बिशपने की ग्रँडमास्टरने, हा जुनाच तंटा.

मग ८ सप्टेंबरला डॉन गाएतानो मान्नारिनो नावाच्या पाद्र्याने मूठभर माणसांनिशी सेंट एल्मोचा किल्ला घेतला. काहींनी सेंट जेम्सचा बुरूज घेतला. नाइटांचा झेंडा उतरवून संत पॉलचा चढवला. १५६५ मध्ये तुर्कांचा वेढा उठला तोही ८ सप्टेंबरलाच, म्हणजे नाइटांच्या सगळ्यात मोठ्या मिरवणुकीचा दिवस. झेंडा बघून गाव उठेल असा हिशेब होता. गाव उठलं नाही. काही तासांत सगळं आटोपलं. तिघांना मारून त्यांची मुंडकी त्याच बुरुजाच्या कोपऱ्यांवर लावली. अप्पर बाराक्का बागेतल्या कमानींवर पूर्वी छप्पर होतं, तेही बंडानंतर काढलं. तुम्ही तिथेच उभं राहून फोटो काढता आणि वर निळं आकाश छान येतं म्हणता.

इथवर आलो की मी आवाज चढवून म्हणायचो, "आणि लोक? भेकड! दारं लावून घरात बसले."

आमच्या किचनमधला म्हातारा माल्टीज आचारी, ज्याने मला ससा करायला शिकवला, तो हे ऐकून नाक मुरडायचा. त्याचं म्हणणं, पाद्र्यांना स्वतःच्या सवलती वाचवायच्या होत्या, भाकरीचं नाव नुसतं पुढे केलं. मला त्याचा राग यायचा. आता वाटतं, दोन्ही असेल. भुकेल्याच्या बाजूने बोलणाऱ्याचा स्वतःचाही काही हिशेब असला म्हणून काय झालं? पण गावातल्या माणसाला हा हिशेब दिसत असेल, तर त्याने जीव का द्यावा, हेही आहेच.

आता खरं कारण.

तेव्हा मी दुसऱ्या हॉटेलात होतो, नाव सांगत नाही. किचनमध्ये आम्ही आठ जण बाहेरदेशचे. उन्हाळाभर ओव्हरटाइम केला आणि सलग तीन महिने तो पगारात आलाच नाही. आमच्यात एक नेपाळी होता, वयाने मोठा, सगळे त्याला दाजू म्हणायचे. त्याने तारीखवार तास लिहून ठेवले होते, पिठाचे डाग पडलेल्या एका वहीत. त्यावरून त्याने इंग्रजीत अर्ज केला. खोलीवर, माझ्याच खाटेवर बसून आम्ही आठ जणांनी सह्या केल्या. माझी तिसरी. ठरलं असं की सोमवारी दहा वाजता सगळ्यांनी मिळून ऑफिसात जायचं.

सोमवारी दहाला पाच कमी असताना दाजूने एप्रन काढून नीट घडी केली. दारापाशी जाऊन थांबला आणि मागे बघितलं. मी ओव्हन उघडला. आत लाम्पुकी माशाच्या 'पाई' होत्या, पिठाच्या आवरणात मासा भरून भाजायच्या, अजून पंधरा मिनिटं तरी लागणार होती, मला ते ठाऊक होतं. तरी मी वाकून ट्रे बाहेर ओढला, पाईंकडे बघितलं, परत आत सरकवला. वर बघितलं तेव्हा दारात कोणी नव्हतं. बाकीचे सहा जणही कुठल्या ना कुठल्या कामात गढलेले. डिशवॉशर रिकामाच फिरत होता.

दुपारी मॅनेजरने एकेकाला बोलावलं. टेबलावर अर्ज, माझ्या सहीखाली त्याचं बोट. "ही तुझी?" मी म्हणालो, "माझी आहे, पण काय लिहिलंय ते मला नीट वाचता आलं नव्हतं."

वाचता आलं नव्हतं! खोलीवर सगळ्यांना अर्ज मोठ्याने वाचून दाखवणारा मीच होतो. एक स्पेलिंगही मी सुधारलं होतं.

दाजूला काढलं. इथे आपल्यासारख्यांचा परवाना मालकाला बांधलेला असतो. नोकरी गेली की मुदतीत दुसरा मालक शोधा, नाहीतर विमान पकडा. त्याला मालक मिळाला नाही. जाताना त्याने सगळ्यांशी हात मिळवला, माझ्याशीही. एक शब्द बोलला नाही. बोलला असता तर मी भांडलो तरी असतो.

तुम्ही म्हणाल, तुझाही नाइलाज होता. होता. एजंटला दिलेले पैसे बँकेचे होते, बायको सातव्या महिन्यात होती. पण दाजूलाही दोन मुली होत्या. आणि मी गेलो असतो तर बाकीचे सहा आले असते का? कोण जाणे. दोघांना काढलं असतं, एवढं मात्र नक्की. हे वाक्य मी स्वतःला इतक्यांदा ऐकवलंय की त्यात आता काही चव उरलेली नाही.

त्यानंतर पहिल्यांदाच पाहुण्यांना घेऊन बुरुजापाशी गेलो, नेहमीप्रमाणे बोलत गेलो आणि 'भेकड' तोंडाशी येऊन अडकला. तेव्हापासून तो शब्द वापरत नाही. म्हणून त्या व्हॅलेटाकरांना मी माफ केलंय असं समजू नका. कधी वाटतं, दाराआड बसलेल्या एखाद्याच्या घरात तेव्हा ओव्हनमध्ये खरंच पाव असेल. आणि कधी वाटतं, हे मी त्यांच्यासाठी नाही, माझ्यासाठी रचतोय.

मान्नारिनोचं काय झालं हे तुम्ही कधी विचारत नाही, तोवर सगळे जेवायला निघालेले असतात. हिमेनेस दोन महिन्यांत मेला आणि नव्या ग्रँडमास्टरने मुंडकी उतरवली. मान्नारिनो मात्र तुरुंगातच राहिला, १७९८ मध्ये नेपोलियनचे फ्रेंच येईपर्यंत. तेवीस वर्षं. त्याला सोडवायला माल्टाचं कोणी गेलं नाही, बाहेरचे आले.

गेल्या आठवड्यात भाच्याला हे सगळं फोनवर सांगितलं. त्याने विचारलं, "मग पुढच्या वेळी तू जाशील का, मामा?" माझा परवाना मार्चमध्ये संपतोय. नव्या अर्जावर मालकाची सही लागते. त्याला म्हटलं, मार्च होऊ दे, मग विचार.