हिमोग्लोबिन नॉर्मल होतं, तरी दम लागत होता

सहा महिने तरी झाले असतील, जिना चढला की पायात जीव राहायचा नाही आणि केस विंचरताना मूठभर हातात यायचे. सीबीसी, म्हणजे रक्ताची साधी तपासणी, केली होती, हिमोग्लोबिन 12.4 आलं, म्हटलं ठीकच आहे की, आणि केसांसाठी स्वतःच्याच मनाने बायोटिनच्या गोळ्या सुरू केल्या. पुढे तळपायाला मुंग्या यायला लागल्या तेव्हा कुठे डॉक्टरांकडे गेले. त्यांनी फेरिटिन म्हणजे लोहाचा साठा, व्हिटॅमिन बी12, व्हिटॅमिन डी आणि कॅल्शियम या टेस्ट लिहून दिल्या.

रक्त द्यायला बसले, दंडाला पट्टा बांधून झाला, मूठ आवळली, सुई टोचणार इतक्यात लॅबमधल्या ताईंनी विचारलं, "कुठल्या गोळ्या चालू आहेत का?" बायोटिन म्हटल्यावर त्यांनी पट्टा सोडलाच. काही मशीनवर बायोटिनमुळे आकडे चुकतात, फेरिटिन आहे त्यापेक्षा कमी आणि बी12, डी जास्त दिसू शकतं. मग डॉक्टरांना विचारून गोळ्या बंद केल्या आणि तीन दिवसांनी परत गेले. त्या ताईंनी विचारलं नसतं तर माझी बी12 ची कमतरता कदाचित दिसलीच नसती, त्यांचे खरंच आभार मानावे तेवढे थोडे.

रिपोर्ट आला, फेरिटिन 9, बी12 168, डी 14. कॅल्शियम तेवढं नॉर्मल, पण डॉक्टर म्हणाले त्यावर जाऊ नका, कमी पडलं तर शरीर हाडातलं काढून रक्तातलं सांभाळतं. आणि लोहाचा आधी साठा संपतो, हिमोग्लोबिन त्याच्यानंतर उतरतं, म्हणून सीबीसीत काही कळलं नाही. ताप किंवा इन्फेक्शन असताना मात्र फेरिटिन वाढलेलं दिसतं, तेव्हा बरं वाटल्यावरच करा. नुसतं फॉलिक ॲसिडही घेऊ नका, त्याने रक्त सुधारल्यासारखं दिसतं पण बी12 कमी असेल तर आत नसांचं नुकसान चालूच राहतं, हे ऐकून मी हादरलेच.

बी12 ची इंजेक्शनं झाली, लोहाच्या गोळ्या एक दिवसाआड, तीन महिन्यांनी परत टेस्ट केली तर फेरिटिन 31. मुंग्या गेल्या, केस अजून गळतात. डॉक्टर म्हणाले भरतोय ते ठीक, पण साठा रिकामा कशाने झाला ते शोधायला हवं. पाळीत अंगावरून खूप जातं हे मी आजवर कुणाला सांगितलंच नव्हतं. आता पुढच्या आठवड्यात सोनोग्राफी आहे.