तीन वर्षांचा मुक्काम

शनिवार, रात्री साडेदहा

आज बदाम-मनुके आणायला क्रॉफर्ड मार्केटला गेले होते. पाटी महात्मा जोतिबा फुले मंडईची असली तरी टॅक्सीवाल्याला सांगताना तोंडात क्रॉफर्डच येतं. दारावरची दगडी शिल्पं आज बऱ्याच वर्षांनी मान वर करून पाहिली. शेतात राबणारी माणसं आहेत. खाली हमाल ओरडत होते, "बाजू, बाजू", आणि मी आपली मध्येच उभी.

ही शिल्पं जॉन लॉकवुड किपलिंगची. १८६५च्या मार्चमध्ये लंडनला त्याचं लग्न झालं आणि त्याच वर्षी तो बायकोला घेऊन जे.जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये शिकवायला मुंबईत आला. बायकोचं नाव अ‍ॅलिस. ३० डिसेंबरला इथेच त्यांना मुलगा झाला, तो 'जंगल बुक' लिहिणारा रुडयार्ड किपलिंग. जे.जे.च्या आवारात त्याच्या जन्माचा म्हणून जो हिरवा बंगला दाखवतात, तो खरं तर नंतर बांधलेला. पण हे सांगून फोटो काढणाऱ्यांचा हिरमोड कशाला करायचा?

मला मात्र हल्ली रुडयार्डपेक्षा त्याच्या आजीचा विचार जास्त सतावतो. आईची आई, हॅना. मँचेस्टरच्या एका घाऊक किराणा व्यापाऱ्याची मुलगी. १८३३ साली तिचं लग्न जॉर्ज ब्राउन मॅकडॉनल्ड या पाळकाशी झालं. तो वेस्लियन मेथडिस्ट या ख्रिस्ती पंथाचा. तो बिजवर होता, पहिली बायको वारलेली. त्याचे वडील जेम्स हेही मेथडिस्ट उपदेशक, तेही थेट पंथाचे संस्थापक जॉन वेस्ली यांच्या हयातीतले. म्हणजे घरात धर्म पिढीजात. त्याच्याबरोबर आली बदली.

मेथडिस्टांचा तेव्हाचा नियमच तसा होता. पाळकाला एक विभाग द्यायचा, त्याला ते सर्किट म्हणत, आणि तिथे जास्तीत जास्त तीन वर्षं ठेवायचं. मग पुढचं गाव. राहायचं घर सर्किटचं, घरातल्या टेबल-खुर्च्याही सर्किटच्याच. शेफील्ड, बर्मिंगहॅम, वेकफील्ड, हडर्सफील्ड, पुन्हा बर्मिंगहॅम, लंडन, मँचेस्टर, शेवटी वुल्व्हरहॅम्प्टन. हे वाचताना मला आमची एस.टी.च्या टपावर बांधलेली वळकटी दिसायला लागली. बाबांची नोकरीही बदलीची. दर तीन-चार वर्षांनी ऑर्डर यायची, आणि बाबा आधी पुढे जाऊन रुजू व्हायचे. मागची आवराआवर आईची. शाळेचा दाखला, गॅसचं कार्ड, दूधवाल्याचा हिशेब, सगळं तिच्याकडे.

हॅनाला अकरा मुलं झाली. पहिली मुलगी मेरी दोन वर्षांचीही नीट झाली नसेल, गेली. दोन मुलगे तान्हे असतानाच गेले. कॅरोलाइन पंधरा-सोळा वर्षांची झाली आणि १८५४ साली क्षयानं गेली. नवरा सभांना, प्रवचनांना, आजाऱ्यांच्या भेटींना सतत बाहेर. घर सोडताना ट्रंकेत सामान भरता येतं. पण ज्या गावात लेकरू पुरलं ते गाव सोडताना ती काय करत असेल? आईनं बदलीच्या एका गावात फक्त सायलीचा वेल सोडला होता, तरी ती वर्षभर त्याचं नाव काढायची.

बाकीच्या मुलींची कहाणी सगळ्यांना ठाऊक असते, कारण त्यांनी लग्नं चांगली केली! थोरला भाऊ हॅरी बर्मिंगहॅमच्या शाळेत एडवर्ड बर्न-जोन्सबरोबर होता. हा पुढे नावाजलेला चित्रकार झाला, आणि त्या ओळखीतून चित्रकार घरात आले. जॉर्जियाना १८६० मध्ये बर्न-जोन्सची झाली. अ‍ॅग्नेस आणि लुइझा यांची लग्नं एकाच दिवशी, ९ ऑगस्ट १८६६ला. अ‍ॅग्नेसचा नवरा एडवर्ड पॉइंटर हाही चित्रकार, पुढे लंडनच्या रॉयल अकॅडमी या कलासंस्थेचा अध्यक्ष झाला. लुइझाचा नवरा लोखंडाचा कारखानदार आल्फ्रेड बाल्डविन, आणि मुलगा स्टॅन्ली बाल्डविन तीनदा ब्रिटनचा पंतप्रधान. १९३५चा भारत सरकार कायदा मंजूर झाला तेव्हा त्या खुर्चीत हॅनाचाच नातू बसला होता. गंमत अशी की मेथडिस्ट पाळकाच्या लेकींची ही लग्नं अँग्लिकन, म्हणजे इंग्लंडच्या अधिकृत चर्चमध्ये लागली. वडिलांचा वारसा चालवला तो धाकट्या फ्रेडनं. तो पाळक झाला आणि १८९९ मध्ये वेस्लियन कॉन्फरन्सचा, म्हणजे पंथाच्या मुख्य सभेचा, अध्यक्षही.

अ‍ॅलिस जिभेची तिखट. एक गोष्ट नेहमी सांगितली जाते. घरात जॉन वेस्लींच्या केसांची बट जपून ठेवलेली होती. आवराआवरीत ती अ‍ॅलिसच्या हाती लागली आणि तिनं सरळ शेकोटीत टाकली. म्हणाली, आपल्याला चावलेल्या कुत्र्याचा हा केस! इंग्रजांत कुत्रं चावलं की त्याचाच केस औषध म्हणून लावायची जुनी समजूत होती, त्यावरची ही कोटी. मला हसू आलं, आणि मग वाटलं, ही मुलगी दर तीन वर्षांनी मैत्रिणी सोडून आली होती. वेस्लींवर तिचा थोडा राग असणारच. आणि नवरा निवडला तो कोण, तर दुसऱ्या मेथडिस्ट पाळकाचा मुलगा! लॉकवुडचे वडील जोसेफ किपलिंग हेही पाळकच. फ्रेडमुळेच या दोघांची ओळख झाली, स्टॅफर्डशरमधल्या रुडयार्ड तळ्याकाठच्या सहलीत. मुलाला नाव त्या तळ्याचं दिलं.

१८६८ साली अ‍ॅलिस बाळंतपणासाठी इंग्लंडला गेली, तेव्हा अडीच वर्षांचा रुडयार्ड आजी-आजोबांकडे बूडली या इंग्लंडमधल्या गावी राहिला. आजोबा आजारी, नातू मुंबईत आयांच्या कडेवर लाडावलेला. त्याच्या किंचाळण्यानं घर बेजार झालं आणि तो गेला तेव्हा सगळ्यांनी हुश्श केलं म्हणे. आजोबा त्याच वर्षी वारले. हॅना १८७५ मध्ये गेली. त्याच वर्षी किपलिंग नवरा-बायको मुंबई सोडून लाहोरला गेले. पुन्हा बदली.

शेवटपर्यंत हॅनाजवळ होती ती एडिथ. लग्न केलं नाही, आईचं सगळं केलं. म्हातारपणी घराण्याच्या आठवणी लिहून ठेवल्या त्याही तिनंच. बहिणींच्या फोटोंत बहुतेक वेळा चौघीच मोजतात, एडिथला कोणी धरत नाही.

घरी येऊन आईला फोन केला. म्हटलं, आई, आपली घरं किती झाली गं? ती मोजायला लागली. गावांच्या नावांनी नाही, स्वयंपाकघरांवरून. "ओटा होता ते, खिडकी होती ते, धूर कोंडायचा ते..." सातव्यावर अडली. मग म्हणाली, "थांब, एक राहिलं. तिथं तुला गोवर आला होता."

मला ते घर अजिबात आठवत नाही.