लिंडाचे मोजे

नववीत असताना एकदा गणिताचे सर रजेवर होते म्हणून त्या तासाला इंग्रजीच्या बाई आल्या. पुस्तक उघडायला न लावता त्यांनी आर्थर मिलरच्या 'डेथ ऑफ अ सेल्समन'ची गोष्ट सांगितली. १९४९ साली न्यूयॉर्कला रंगभूमीवर आलेलं हे नाटक. गावोगाव फिरून माल विकणारा, साठी उलटलेला विली लोमन, त्याची बायको लिंडा आणि बिफ, हॅपी हे दोन मुलगे.

लिंडा फाटलेले रेशमी मोजे शिवत बसते आणि विली खेकसतो, या घरात मोजे शिवायचे नाहीत, फेकून दे. "का चिडला असेल?" बाईंनी विचारलं. गरिबीची लाज वाटते म्हणून, असं आम्ही म्हणालो. मग त्यांनी बॉस्टनच्या हॉटेलातला प्रसंग सांगितला. गणितात नापास झालेला बिफ वडिलांना गाठायला तिथं जातो, तर त्यांच्या खोलीत परकी बाई. जाताना ती कबूल केलेले नवे मोजे मागून घेते. आईचे मोजे हिला दिलेत, असं बिफ रडत ओरडतो.

त्या वर्षी माझे आईवडील एकमेकांशी बोलत नव्हते. "त्यांना सांग, गॅस संपलाय," असे निरोप माझ्यामार्फत जायचे. हे फक्त आमच्याच घरात होतं आणि बाहेर काढायचं नसतं, अशी माझी पक्की समजूत होती.

पुढं कॉलेजात यूजीन ओनीलचं 'लाँग डेज जर्नी इन्टू नाइट' हे नाटक वाचलं. वडिलांचा कंजूषपणा, आईचं मॉर्फिनचं व्यसन, भावाची दारू, सगळं त्यानं स्वतःच्या घरातलं लिहिलं. आपल्या मृत्यूनंतर २५ वर्षं ते छापू नये, अशी त्याची इच्छा होती. तो १९५३ मध्ये गेला आणि १९५६ मध्येच पत्नीनं ते प्रसिद्ध केलं. तिनं बरंच केलं, असं मला मनापासून वाटतं. तरीही मी पुन्हा पुन्हा वळतो ते लिंडाकडेच. विलीच्या थडग्यापाशी ती म्हणते, घराचा शेवटचा हप्ता आज फेडला, आणि आता घरात कुणीच नसेल.

त्या दिवशी तास संपल्यावर मी बाईंना दाराशी गाठलं. लिंडाला मोज्यांचं कधी कळतं का?

"बिफ तिला सांगत नाही," बाई म्हणाल्या. माझ्याकडे बघत जरा थांबल्या. "मधल्या सुट्टीत मी स्टाफरूममध्येच असते रे."

दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत मी गेलो.