पोट सुटलेला माणूस आणि ॲमेझॉन

मामानं पाठीला तेलाचा रिकामा डबा बांधून विहिरीत ढकललं, तेच माझं पवायला शिकणं. पुढं नांदेडला गोदावरीत (आमच्याकडं गंगाच म्हणतात) मधातच पोटरीत असा गोळा आला की होडीवाल्यानं दंडाला धरून ओढलं म्हणून वाचलो, वर त्याच्या शिव्या खाल्ल्या त्या वेगळ्याच.

म्हणून मार्टिन स्ट्रेलचं वाचलं तेव्हा डोकंच चालेना. स्लोव्हेनियाचा गडी, वय ५२, चांगलं सुटलेलं पोट, वाईनचा शौकीन, आपल्या पारावर बसला असता तर कुणी ढुंकून बघितलं नसतं, आणि २००७ मध्ये यानं पेरू ते ब्राझील ॲमेझॉन पवून काढली. ६६ दिवस, ५,२६८ किलोमीटर! आपली आख्खी गोदावरी १,४६५, म्हणजे साडेतीन गोदावऱ्या की. आधी डॅन्यूब, मिसिसिपी, यांगत्सी झालेल्याच होत्या म्हणा.

पिरान्हा आले तर त्यांना दुसरीकडं वळवायला म्हणून सोबतच्या होडीत रक्ताच्या बादल्या भरून ठेवलेल्या. उन्हानं तोंड पोळलेलं, तरी सकाळी परत पाण्यात.

मामाला सांगितलं तर म्हणे, "डबा बांधला होता का त्यानं?"