हनोई की होइ आन? आईला सोबत घेऊन केलेला व्हिएतनामचा प्रवास

व्हिएतनामला जायचं ठरलं आणि आमच्या नाशिकच्या घरात दोन तट पडले. मला हनोई हवं होतं, कारण हजार वर्षांपूर्वीची राजधानी, बाजार, गर्दी. बायकोला होइ आन हवं होतं, म्हणजे जुनं बंदर, नदी, आकाशकंदील. आई एकाहत्तर वर्षांची, तिचे गुडघे दुखतात. ती म्हणाली, "जिथे मला चालता येईल तिथे न्या." आठ दिवस फिरून आलो. आता आमच्यासारखाच प्रश्न घेऊन बसलेल्यांना सांगतो की प्रवास ठरवताना आईचंच वाक्य पहिल्यांदा ऐकायला हवं होतं.

आधी व्हिसाचं सांगतो, कारण आमचे पैसे तिथेच गेले. भारतीयांना ई-व्हिसा मिळतो, एका प्रवेशाचे २५ डॉलर. आम्ही नाशिकच्याच एका एजंटाकडे काम दिलं. त्याने आईच्या नावातलं वडिलांचं नाव सोडून दिलं. पासपोर्टवर ते 'गिव्हन नेम'च्या रकान्यात होतं. नाव जुळेना, म्हणून पुन्हा अर्ज करावा लागला, आणि भरलेली फी परत मिळत नाही. तेव्हा व्हिएतनाम सरकारच्या संकेतस्थळावर स्वतः बसून अर्ज भरा, पासपोर्टवर जसं छापलंय तसंच अक्षर न् अक्षर लिहा, आणि कोणत्या विमानतळावर उतरणार ते नीट निवडा.

मुंबईहून हनोईला थेट विमान आहे, साधारण पाच तास लागतात. घड्याळ आपल्यापेक्षा दीड तास पुढे. आम्ही मार्च २०२५ मध्ये गेलो तेव्हा समृद्धी महामार्गाचा इगतपुरी-आमणे टप्पा सुरू झाला नव्हता, त्यामुळे कसारा घाटातूनच गेलो. आता घाट टळतो, पण भिवंडी-ठाण्याची कोंडी टळत नाही. विमानाच्या वेळेआधी आठ तास घर सोडा, हा आमचा हिशेब.

हनोईत शनिवारी सकाळी उतरलो. हॉटेल जुन्या पेठेत, होआन किएम तळ्याजवळ घेतलं होतं. हा निर्णय बरोबर ठरला, कारण शुक्रवार संध्याकाळ ते रविवार रात्र तळ्याभोवतीचे रस्ते गाड्यांना बंद असतात. पोरं भोवरे फिरवतात, म्हातारी माणसं बाकांवर बसून असतात. आई त्या दोन संध्याकाळी मजेत फिरली. सोमवारी मात्र सगळं बदललं. रस्ता स्कूटरींचा झाला आणि फुटपाथही स्कूटरींचेच, कारण त्या तिथेच लावलेल्या असतात. मग माणसाने चालायचं कुठे? नाशिकच्या रविवार कारंजा आणि मेनरोडच्या गर्दीची आयुष्यभर सवय असलेली आई एका चौकात दहा मिनिटं उभी राहिली. शेवटी फळं विकणाऱ्या एका बाईने तिचा हात धरून तिला पलीकडे नेलं. रस्ता ओलांडायची रीत अशी: एका संथ चालीने पुढे जात राहायचं, मध्येच थांबायचं नाही, मागे तर फिरायचंच नाही. गाडीवाले तुम्हाला वळसा घालून जातात. ज्याचे गुडघे ठीक आहेत त्याला हे एका दिवसात जमतं.

पण हनोईला नावं ठेवायला मी तयार नाही. त्या जुन्या पेठेला छत्तीस रस्त्यांची पेठ म्हणतात आणि रस्त्यांची नावं मालावरून पडलेली आहेत. 'हांग' म्हणजे माल. हांग बाक हा चांदीचा रस्ता. आपल्याकडे सराफ बाजार, भांडी बाजार आहेत तसंच. हांग थिएक म्हणजे पत्र्याच्या रस्त्यावर अजूनही दुकानाच्या दारात बसून माणसं पत्रा ठोकतात. तो ठकठक आवाज ऐकून आई थबकली आणि म्हणाली, "अरे, ही तर आपली तांबट आळी!" संपूर्ण हनोईत तिला सगळ्यात जवळचं वाटलेलं ठिकाण ते.

दुसरं चुकवू नये असं ठिकाण म्हणजे साहित्य मंदिर, १०७० सालचं. तिथे ८२ शिलालेख दगडी कासवांच्या पाठीवर उभे आहेत. राजदरबारच्या परीक्षा उत्तीर्ण झालेल्या विद्वानांची नावं त्यांवर कोरलेली आहेत. आपल्याकडे देवळात कासवाला नमस्कार करून आत जातात, त्यामुळे आईने सवयीने पहिल्या कासवाला हात जोडले. हो ची मिन्ह यांची समाधी पाहायची असेल तर सकाळीच जा. सोमवारी आणि शुक्रवारी ती बंद असते आणि आखूड कपडे चालत नाहीत. आम्ही रविवारी गेलो, रांग लांबलचक होती.

हनोईत आम्ही तीन रात्री राहिलो. तिसरी नको होती. मार्चमध्ये तिथे बारीक ओली झिमझिम असते, कपडे वाळत नाहीत, आणि आई खोलीतच बसून राहिली.

मंगळवारी विमानाने दा नांगला गेलो. सव्वा तासाचा प्रवास. तिथून होइ आन ३० किलोमीटर, टॅक्सीने पाऊण-एक तास. सोबत वडीलधारे नसतील तर रेल्वे घ्या. हनोई ते दा नांग ७९१ किलोमीटर, सोळा-सतरा तास. फक्त गाडी अशी निवडा की हुए ते दा नांग हा पट्टा उजेडात येईल, कारण हाय वान घाटात रूळ समुद्राच्या अगदी कडेने जातात.

होइ आनचं जुनं गाव ठरावीक वेळांत मोटारी आणि स्कूटरींना बंद असतं. आमच्यासाठी सगळा फरक एवढ्या एकाच गोष्टीने पडला. पहिल्या संध्याकाळी आई आमच्या पुढे चालत होती.

हे गाव टिकलं कसं, तेही ऐकण्यासारखं आहे. इथे जपानी, चिनी, डच व्यापारी येत. पुढे नदी गाळाने भरत गेली, मोठी जहाजं येईनाशी झाली आणि व्यापार दा नांगला गेला. आपल्या सोपाऱ्याचंही असंच झालं. पांडवलेण्यांच्या शिलालेखात ज्याचं नाव येतं ते सोपारा बंदर आज जमिनीत शोधावं लागतं. होइ आनची घरं मात्र जागेवर राहिली आणि १९९९ मध्ये जागतिक वारसा यादीत गेली. एका तिकिटावर पाच वास्तू पाहता येतात, आम्ही माणशी १,२०,००० दोंग दिले. आकडा बघून घाबरू नका, आमच्या वेळी एका रुपयाला जवळपास २९० दोंग मिळत होते.

त्या पाचांत तान की हे व्यापाऱ्याचं घर घ्याच. आत भिंतीवर पुराच्या पाण्याच्या खुणा आहेत, प्रत्येक खुणेशेजारी साल. आम्ही पाहिल्या तेव्हा सगळ्यात वरची १९६४ ची होती. माळ्याच्या जमिनीला एक झडप आहे, पाणी चढायला लागलं की सामान त्यातून वर ओढून घेतात. माझ्या डोळ्यांसमोर नाशिकच्या गोदाकाठचा दुतोंड्या मारुती आला. गोदेचं पाणी मारुतीच्या कमरेला लागलं, गळ्याला लागलं, असं मोजत आम्ही वाढलो. २००८ साली सराफ बाजारात पाणी शिरलं तेव्हा दुकानदार असंच सामान वर नेत होते. मी त्या भिंतीसमोर बराच वेळ उभा होतो. ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये इथे खरंच पूर येतो, तेव्हा दिवाळीच्या सुट्टीत इकडे येऊ नका. फेब्रुवारी ते एप्रिल उत्तम.

चांद्र महिन्याच्या चौदाव्या रात्री जुन्या गावातले विजेचे दिवे मंदावतात आणि कंदील लागतात. आमची ती रात्र १३ मार्चला आली, म्हणजे इकडे होळी. आईने खोलीत गुळाचा खडा ठेवून नैवेद्य दाखवला आणि मग नदीवर जाऊन कागदी दिवा सोडला. रामकुंडावर सोडते तसाच, पदर सावरून, वाकून. नावेचे दर फलकावर लिहिलेले असतात, ते वाचूनच बसा. आणि पौर्णिमेच्या सुमाराचं हॉटेल दोन महिने आधी घ्या.

जेवणाचं म्हणाल तर 'चाय' हा शब्द पाठ करा. याचा अर्थ चहा नाही, शाकाहारी. मात्र माशाचं पाणी, म्हणजे 'नुओक माम', भाजीतही घालतात, म्हणून तेही नको असं वेगळं सांगावं लागतं. अमावस्या-पौर्णिमेच्या सुमारास तिथले बरेच बौद्ध शाकाहार पाळतात आणि 'चाय'च्या पाट्या जास्त दिसतात. काओ लाउ नावाच्या जाड शेवया 'चाय' मिळाल्या, आईने दोनदा खाल्ल्या. बाकी मेतकूट, चिवडा आणि दशम्या बरोबर होत्याच.

नोटांचं जपा. वीस हजाराची आणि पाच लाखांची, दोन्ही निळसर. वीस हजारांच्या नोटेवर होइ आनचाच जपानी पूल छापलेला आहे, ही खूण. मी शहाळ्याच्या बाईला वीस हजार समजून पाच लाख दिले आणि निघालो. ती गल्लीच्या टोकापर्यंत मागे धावत आली, माझ्या तळहातावर ती नोट ठेवली आणि वीस हजारांच्या नोटेवरचं पुलाचं चित्र बोटाने दाखवलं.

एक सकाळ 'मी सन' या ठिकाणासाठी ठेवा. होइ आनहून ४० किलोमीटर, आणि ऊन चढायच्या आत पोचायचं. तिथे जुन्या चंपा राज्याच्या राजांची विटांची शिवमंदिरं आहेत, पहिलं देऊळ भद्रवर्मन राजाने चौथ्या शतकात भद्रेश्वरासाठी बांधलं. १९६९ मध्ये अमेरिकन बॉम्बफेकीत बरीच ढासळली. काही मंदिरांची डागडुजी आपल्या भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाने केली, आणि २०२० मध्ये त्याच कामात नवव्या शतकातलं अखंड वालुकाश्माचं शिवलिंग सापडलं. दर श्रावणी सोमवारी त्र्यंबकेश्वरला जाणारी माझी आई चपला काढून त्या गवतात उभी राहिली. बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "याला रोज पाणी कोण घालतं रे?" मला उत्तर देता आलं नाही.

तर हिशेब असा. हनोईत दोन रात्री आणि त्या शनिवार-रविवारच्याच, होइ आनला चार. एकच जमणार असेल आणि घरातलं मोठं माणूस बरोबर असेल तर होइ आन. तरुण असाल, खायला-भटकायला निघाला असाल, तर हनोई. परतीला दा नांग-हनोई आणि हनोई-मुंबई ही तिकिटं वेगवेगळी काढली असतील तर मध्ये निदान पाच तास ठेवा, सामान पुन्हा चेक-इन करावं लागतं. होइ आनचे रेशमी कंदील छत्रीसारखे मिटतात, बॅगेत तळाशी सपाट ठेवले की मोडत नाहीत. आम्ही तीन आणले.