गेमिंग पीसीची दुरुस्ती : सहावा आठवडा

रायझन ५ ३६०० प्रोसेसर आणि आरटीएक्स ३०६० टीआय ग्राफिक्स कार्ड असलेला माझा पीसी आज सलग चार तास गेम चालवूनही बंद पडला नाही. इतके आठवडे गेले ते मुख्यतः एका चुकीमुळे: दोन स्वतंत्र बिघाडांना मी एकच बिघाड समजत होतो. कधी निळा पडदा (विंडोज कोलमडल्यावर दिसणारा चुकीचा संदेश) येई, कधी वीज गेल्यासारखा पीसी एकदम बंद होई, आणि दोन्ही प्रकार गेम सुरू असतानाच घडत असल्याने माझा सगळा संशय ग्राफिक्स कार्डावर होता.

उलगडा इव्हेंट व्ह्यूअरमध्ये, म्हणजे विंडोजच्या घडामोडींच्या नोंदवहीत, झाला. दोन्ही प्रकारांत तेथे कर्नल-पॉवरची ४१ क्रमांकाची, म्हणजे पीसी नीट बंद न होता पुन्हा सुरू झाल्याची, नोंद पडते, म्हणून मी तिच्याकडे दुर्लक्ष केले होते. परंतु तिच्या तपशिलात बगचेक कोड, म्हणजे विंडोज कोणत्या चुकीने कोलमडली त्याचा क्रमांकही असतो. निळ्या पडद्यानंतर तो २६, म्हणजे मेमरी मॅनेजमेंटचा होता. पीसी एकदम बंद पडल्यावर मात्र तो शून्य होता, याचा अर्थ चूक नोंदवण्याइतकी सवडही विंडोजला मिळाली नव्हती.

रॅमचा निकाल लवकर लागला. एक्सएमपी (रॅम जादा वेगाने चालवणारी सेटिंग) बंद करून रॅमचा वेग ३२०० वरून २१३३ वर आणला, तरी मेमटेस्ट८६ या रॅम तपासणाऱ्या प्रोग्रॅममध्ये चुका येतच राहिल्या. मग रॅमची एकेक पट्टी स्वतंत्रपणे तपासली, तेव्हा दुसरी पट्टी दोन्ही स्लॉटमध्ये नापास झाली. ती काढल्यावर निळा पडदा थांबला.

एकदम बंद पडणे मात्र चालूच राहिले. मल्टिमीटरवर पॉवर सप्लायची १२ व्होल्टची लाइन गेम चालू असताना ११.६ पर्यंत उतरत होती. ५ टक्क्यांच्या मर्यादेत, म्हणजे ११.४ च्या वर, ती असल्याने मी निश्चिंत झालो, आणि ते चुकले. काही मिलिसेकंदांची घसरण साध्या मल्टिमीटरला दिसतच नाही. आफ्टरबर्नर या प्रोग्रॅममध्ये ग्राफिक्स कार्डाची पॉवर लिमिट (वीज वापरण्याची मर्यादा) ७० टक्के केली तेव्हा पीसी तीन तास टिकला, १०० टक्के करताच वीस मिनिटांत बंद झाला. म्हणजे दोष वीजपुरवठ्यात असावा, म्हणून कार्डाला वीज नेणारी ८ पिनची केबल काढून पाहिली. एका पिनेभोवतीचे काळे प्लास्टिक वितळून चकचकीत झाले होते, आतला धातू तपकिरी पडला होता आणि नाकाजवळ नेताच जळका वास येत होता. पिनेची पकड सैल होऊन रोध वाढला आणि त्या उष्णतेने पकड आणखी सैल झाली, असे माझे मत आहे. कार्डाच्या पिना सुदैवाने स्वच्छ आहेत.

चिपळूणच्या मित्राने त्याचा जादा पॉवर सप्लाय दिला, तो त्याच्याच केबलींसह बसवला. मॉड्युलर, म्हणजे सप्लायपासून सुट्या होणाऱ्या, केबली एका सप्लायच्या काढून दुसऱ्याला कधीही लावू नयेत. सप्लायकडील पिनांची मांडणी प्रत्येक कंपनीची वेगळी असू शकते आणि त्यात कार्ड, एसएसडी दोन्ही जळू शकतात.

सध्या ८ जीबीच्या एकाच पट्टीवर, सिंगल चॅनेलमध्ये (जोडीपेक्षा कमी वेगाने) काम चालू आहे आणि त्यामुळे फ्रेम अधूनमधून अडखळतात. रॅमची जोडी वॉरंटीतून बदलून आली की, विंडोज सुरू करण्याआधीच मेमटेस्टचे चार पूर्ण पास करून पुढची नोंद लिहीन.