पऱ्हाटीचं कार्ड

फेब्रुवारीच्या दुसऱ्या आठवड्यात आमच्या गावात दोन कामं हातघाईवर आलेली असतात. शेतात हरभऱ्याची सोंगणी आणि आमच्या ओसरीवर व्हॅलेंटाइनची कार्डं. वर्धा जिल्ह्याच्या देवळी तालुक्यातलं गाव, काळी जमीन, कापूस-तूर-चणा. इथं अशी कार्डं तयार होतात हे ऐकून नागपूरच्या लोकांना नवल वाटतं. मला त्यात नवल वाटत नाही. आमचा कागद कापसाचा, आणि तो कापायला बसणाऱ्या बायका जन्मभर कापूस वेचलेल्या.

कागदाबद्दल आधी सांगते, कारण पुढचं सगळं त्याच्यावर आहे. १९३४ साली गांधीजींनी वर्ध्यात अखिल भारत ग्रामोद्योग संघ काढला. जे. सी. कुमारप्पांनी मगनवाडीत बसून त्याचं काम उभं केलं आणि त्या कामात हातकागदही होता. आम्ही वापरतो तो हातकागद होजिअरीच्या सुती कतरणीपासून बनलेला असतो. झाड तोडून केलेल्या कागदापेक्षा त्याचे तंतू लांब असतात आणि ते सगळ्या दिशांना पसरलेले असतात, म्हणून कार्डाची घडी उभी घाला की आडवी, सारखीच बसते. त्याला खळ नीट दिलेली नसेल तर मात्र ठशाची शाई फुटते. प्रत्येक नव्या गठ्ठ्यातल्या एका कोपऱ्यावर मी आधी ठसा मारून बघते, मगच कात्री लावते.

डायला, म्हणजे आकार कापायच्या धारदार साच्याला, मात्र हा कागद सहज दाद देत नाही. आमचं यंत्र हाताने फिरवायचं आहे. प्लास्टिकच्या दोन जाड पाट्यांमध्ये कागद, त्यावर धार खाली करून पातळ पोलादी डाय, आणि हा सगळा थर दोन रुळांमधून दांड्याने ओढून काढायचा. मिलच्या कार्डशीटमधून बदाम एका फेरीत सुटून येतो. हातकागद मऊ असल्याने आधी दबतो, मग कापला जातो. जाळीदार डाय असेल तर कडांना कुसं राहतात. मग खाली एक कागद जास्तीचा घालायचा, पुन्हा फिरवायचं, आणि उरलेली कुसं सुईने एकेक काढत बसायचं. आमच्या बचत गटातल्या निम्म्या बायकांचा वेळ या कुसांत जातो.

काम वाटून घेतलेलं आहे. एकजण यंत्र फिरवते, एकजण ठसे मारते, एकजण चिकटवते, एकजण चकाकी लावते. ही पद्धत मी शोधलेली नाही. अमेरिकेत मॅसॅच्युसेट्सच्या वूस्टर गावी एस्थर हाउलंड नावाची मुलगी होती. वडिलांचं कागद-वह्यांचं दुकान. १८४०च्या दशकात तिच्या हाती इंग्लंडहून आलेलं कागदी लेसचं एक व्हॅलेंटाइन पडलं. तिने तसलीच लेस आणि रंगीत कागद मागवले, मैत्रिणींना घरी बसवलं आणि प्रत्येकीला एकेक काम दिलं. त्यातून मोठा धंदा उभा राहिला. ती स्वतः अविवाहित राहिली. हे मी आमच्या बायकांना पहिल्याच वर्षी सांगितलं होतं. तेव्हापासून चिकटवायला बसणारी माझी धाकटी जाऊ काम सुरू करताना विचारते, “आज एस्थरबाईचं कोणतं काम माझ्याकडे?”

तर तो दिवस. नागपूरच्या एका गिफ्टच्या दुकानाची ऑर्डर होती आणि पार्सल दुपारच्या एसटीने जायचं होतं. सगळ्या कार्डांवर बदाम चढले होते, फक्त वरची अक्षरं उठवायची राहिली होती. त्याची रीत अशी: हळू सुकणाऱ्या शाईने ठसा मारायचा, ओला असतानाच त्यावर बारीक भुकटी टाकायची, जास्तीची झटकायची आणि हीट गनने, म्हणजे गरम हवा फेकणाऱ्या यंत्राने, गरम करायचं. भुकटी वितळते आणि अक्षर चकचकीत होऊन वर येतं. आमच्याकडची फेब्रुवारीतली हवा अगदी कोरडी. कागद नुसता घासला तरी त्यात स्थिर वीज भरते आणि भुकटी नको तिथे जाऊन बसते. म्हणून ठशाच्या आधी कागदावरून टाल्कम पावडरचा हात फिरवावा लागतो. एवढं सगळं मांडून झालं आणि लाईन गेली.

डाय कापायला लाईन लागत नाही. हीट गनला लागते. शेजारच्या आळीतही नव्हती, पंपावरही नव्हती. लाईनमनने फोनवर सांगितलं, संध्याकाळ होईल. आम्ही भुकटी टाकलेली कार्डं ताटात घेऊन बसून राहिलो. वाऱ्याची झुळूक आली की सगळ्याजणी श्वास रोखायच्या.

तेवढ्यात पाटलाच्या वावरातून परत जाणाऱ्या एक मावशी ओसरीशी थांबल्या. कमरेला वेचणीचा ओटा तसाच, त्यात शेवटच्या वेचणीचा कापूस, बराचसा कवडीच, म्हणजे किडका, खराब. त्या रोज इथूनच जातात. त्या दिवशी थांबल्या आणि टेबलावरच्या लाल बदामांकडे बघत राहिल्या.

“हे रोज रोज काय करून राहिल्या वो तुम्ही?”

मी म्हटलं, “कार्डं आहेत, मावशी. चौदा तारखेला देतात.”

“कोणाले?”

“ज्याच्यावर जीव आहे त्याला.”

मावशींनी थोडा वेळ विचार केला. “मंग मले एक पायजे. आमच्या घरी द्याले.”

दोघी-तिघी पोरी हसल्या. मावशींनी तिकडे लक्षच दिलं नाही. त्या पायरीवर बसल्या आणि सरळ सांगू लागल्या. दिवाळीनंतर त्यांचं पोटाचं ऑपरेशन झालं, सेवाग्रामला. डॉक्टरांनी ओझं उचलायचं नाही म्हणून सांगितलं. “तवापासून माह्या धन्यानं भाकरी थापल्या. पाणी भरलं. पऱ्हाटी एकट्यानं वेचली, मजूर लावाले पैसे नव्हते. मी खाटेवरून पाहो. आता मले बरं वाटते, मी कामाले लागली. पण त्याईले काही म्हटलं नाही अजून. म्हणता येत नाही ना तसं.”

मग एकही पोरगी हसली नाही.

मी त्यांच्यापुढे तयार कार्डं ठेवली. त्यांनी एकेक उघडून पाहिलं आणि बाजूला केलं. त्या चौथीपर्यंत शिकलेल्या, अक्षरं त्यांना वाचता येतात. पण ज्यांना द्यायचं त्यांना येत नाहीत. “अक्षर नोको. त्याईले पाहून समजलं पायजे.”

बघून समजेल असं आमच्याकडे काय होतं? आमचे सगळे डाय बाहेरून आलेले. गुलाब, पंख लावलेली मुलं, चहाचे कप, बर्फाची फुलं, सूचिपर्णी झाडं. आमच्या वावरातलं एकही नाही. मागच्या वर्षी मी बदामाचे तीन तुकडे जोडून पळसाचं पान केलं होतं, तेवढाच काय तो आमचा भाग. तेच आठवलं आणि मी पांढऱ्या हातकागदाचे पाच बदाम कापले, टोकं मध्ये आणून जोडले आणि म्हटलं, “हे बोंड.”

मावशींनी ते हातात घेतलं. “हे फूल झालं, बाई. बोंड असं राहते काय?”

त्यांनी ओट्यातून एक उमललेलं बोंड काढून माझ्या तळहातावर ठेवलं. मी लग्न करून इथे आले त्याला बरीच वर्षं झाली, बोंडं रोज डोळ्यांसमोर असतात, तरी त्या दिवशी पहिल्यांदा ते बोटांत धरून निरखलं. पाच फाका, प्रत्येक फाक फुगलेली आणि एकमेकीवर रेललेली, कडेला कुठेही रेघ नाही. खाली वाळलेलं तपकिरी टरफल, त्याची पाच टोकं सुईसारखी. “ह्यानंच बोटं फाटतेत,” मावशी म्हणाल्या आणि बोटं पुढे केली. टोकाशी बारीक बारीक चिरा, काही भरून आलेल्या, काही ताज्या.

मग त्यांनी माझे बदाम उचलले आणि नखाने त्यांच्या कडा पिंजायला सुरुवात केली. सुती कागदच तो. तंतू सुटे होऊन वर आले, कड नाहीशी झाली, बदाम फुगला. जी कुसं काढण्यासाठी आम्ही तासन्‌तास सुया घेऊन बसतो, तीच त्या मुद्दाम वर काढत होत्या. चिमट्याशिवाय बारीक तुकडे उचलणं आम्हाला जमत नाही. त्यांची बोटं ते तुकडे टेबलावरून अशी टिपत होती की चिकटवणारी माझी जाऊ हातातलं काम ठेवून बघत बसली. खालच्या टरफलासाठी मी तपकिरी खाकी कागदातून पाच टोकांची चांदणी कापली. त्यांनी तिची टोकं वर वळवली, मध्ये फाका बसवल्या. जाड फोमची दुहेरी टेप खाली घातली तसं बोंड कार्डावरून वर उठलं. पानाला डाय नव्हताच. ते त्यांनी हिरव्या कागदातून कात्रीने सरळ कापलं, समोर नमुना न ठेवता.

चकाकी लावणारीने बाटली पुढे केली. ती बोंडावर शिंपडणार तोच मावशींनी तिचा हात धरला.

“कापसावर नोको. ते दव दिसते. ओला कापूस व्यापारी घेत नाही. पानावर टाक.”

खरंच आहे. सकाळी दव वाळेपर्यंत वेचणीला हात लावत नाहीत. तिने पानावर गोंदाचे अगदी बारीक थेंब दिले, त्यावर चंदेरी चकाकी टाकली आणि उरलेली घडीच्या कागदावरून परत बाटलीत ओतली. चकाकी सांडू न देण्याचा माझा आग्रह असतो, घरात सगळ्यांना तो माहीत आहे. हल्लीची चकाकी म्हणजे अॅल्युमिनियमचा थर दिलेल्या प्लास्टिकच्या पापुद्र्याचे कण, ते मातीत कुजत नाहीत. युरोपीय संघाने ऑक्टोबर २०२३पासून सुट्या प्लास्टिक चकाकीच्या विक्रीवर बंधन आणलं. आमच्या अंगणात कोंबड्या टिपत असतात, मला तेवढं कारण पुरे आहे. पर्याय म्हणून अभ्रकाची पूड आम्ही वापरून बघतोय. चमक थोडी मंद असते, पण हातकागदावर ती मला जास्त शोभते असं वाटतं.

आता आत काय? मी म्हटलं, “मावशी, सही तरी करा. तुम्हाला येते ना?”

त्या म्हणाल्या, “मले येते. पण त्याईची सही म्हणजे आंगठा. त्याईले आंगठाच ओळखू येईन.”

मी शाईचा पॅड पुढे केला. त्यांनी अंगठा टेकवला, मग कार्डाच्या आत उजव्या कोपऱ्यात दाबला, जसा बँकेत दाबतात तसा, थोडा फिरवून. रेशनच्या दुकानात यंत्रावर त्यांचा अंगठा उमटत नाही म्हणून त्यांना बऱ्याचदा परत यावं लागतं. वेचणीने रेघा झिजल्या आहेत. कागदावर मात्र अंगठा आला. रेघा पुसट, आणि त्यांच्या मधून तीन आडव्या चिरा, कोऱ्या पांढऱ्या. शाई ओली होती. मी काही न बोलता सोनेरी भुकटी घेतली, त्यावर टाकली आणि झटकली. मग लक्षात आलं की लाईन नाही.

“आता काय पायजे?” मावशींनी विचारलं.

“गरम करायला पाहिजे.”

“गरमच ना? मंग तवा ठेवा की.”

आम्ही एकमेकींकडे पाहिलं. जावेने आत जाऊन गॅसवर लोखंडी तवा ठेवला. तवा तापल्यावर मी कार्ड दोन चिमट्यांत धरून त्याच्यावर चार बोटं उंच धरलं, भुकटीची बाजू वर. आधी काहीच झालं नाही. मग एका कडेने भुकटीचा कोरडेपणा गेला, ती गडद झाली आणि पुढच्याच क्षणी सगळा अंगठा एकदम चमकून वर आला. चिरा तशाच राहिल्या, सोन्यात तीन बारीक वाटा. कागद किंचित वाकला, तो मी पाट्याखाली दाबून ठेवला. हीट गनच्या वाऱ्याने भुकटीचे कण उडतात. तव्यावर खालूनच आच लागत असल्याने एकही कण हलला नाही.

त्यानंतर ओसरीवर जी धांदल उडाली! पूर्ण ऑर्डर आम्ही तव्यावर काढली. दोघी कार्डं धरायला, एकजण आच सांभाळायला. आच वाढली की कागद पिवळा पडतो, कमी झाली की भुकटी साखरेसारखी खरखरीत राहते. मावशी शेजारी उभ्या राहून सांगत होत्या, आता काढ, आता थांब. पार्सल बांधून माझा दीर ते घेऊन मोटरसायकलने देवळीला पळाला आणि गाडी सुटायच्या आत कंडक्टरच्या हातात दिलं.

मावशींनी कार्डाचे पैसे विचारले. मी नाही म्हटलं. त्या ऐकेनात. शेवटी वेचणीच्या मजुरीतून त्यांनी एक नोट टेबलावर ठेवली आणि कार्ड पदराखाली घेऊन गेल्या.

पुढच्या बाजाराला भेटल्या तेव्हा मीच विचारलं, काय म्हणाले?

“काही नाही म्हटलं. उघडून पाह्यलं. बोंडाले हात लावला, मंग आंगठ्याले लावला. सातबाराच्या पिशवीत ठेवलं.” मग थोडं थांबून म्हणाल्या, “चहा करून आणला मले.”

नागपूरच्या दुकानदाराला मी नंतर बोंडाच्या कार्डाचा फोटो पाठवला. त्याने पुढच्या हंगामासाठी तसलीच मागितली, अक्षरांशिवाय. मी पाच टोकांच्या चांदणीचे आणखी दोन आकाराचे डाय मागवले आहेत, एक बारक्या बोंडासाठी. पिंजण्याचं काम मावशींकडे आहे, वेचणी संपल्यावर त्या दुपारी येतात आणि कार्डामागे मजुरी घेतात. परवा मी त्यांना तुरीच्या शेंगेचा नमुना दाखवला. त्यांनी तो उलटा-सुलटा करून पाहिला आणि म्हणाल्या, “दाणे दिसले पायजे. बिनदाण्याची शेंग कोणाले देतेस?”